दस्त्याला गेलेला तडा

बंदुकीचा इतिहास आपल्याकडे बहुधा लोखंडाचाच लिहिला जातो. नळी कशी होती, काडतुसाला कोणती चरबी लावल्याची बोलवा होती, त्यावरून १८५७ साली काय पेटले, हे सारे आपण वाचले आहे. पण शिपायाचा गाल आणि खांदा टेकतो तो लाकडी दस्त्याला. हे लाकूड फाटले तर बंदूक निकामी होते, आणि हिंदुस्थानात ते वारंवार फाटत असे.

पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणींच्या हाती दिसणाऱ्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलचेच पाहा. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. मागचा तुकडा खांद्याला, पुढचा नळीखाली, आणि मध्ये पोलादी सांगाडा. मागच्या तुकड्याच्या पोटातून एक लांब बोल्ट सांगाड्यात जातो. १९०७ च्या नमुन्यात या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असून ते पुढच्या लाकडात बसवलेल्या पट्टीत अडकते. तेव्हा पुढचे लाकूड न उतरवता कुणी मागून बोल्ट फिरवला, की चौकोनी टोक फिरते आणि लाकूड चिरते. शत्रूची गोळी लागायची गरजच नाही, घाई पुरते!

दुसरे कारण हवेचे. गोळी सुटताना बसणारा धक्का पुढच्या लाकडातले दोन छोटे खांदे झेलतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आटते. एक खांदा झिजला की सारा भार दुसऱ्यावर येतो आणि तडा मॅगझिनच्या दिशेने सरकू लागतो.

कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी ईशापूर येथे सरकारी रायफल कारखाना १९०४ मध्ये उभा राहिला. तिथल्या रायफलींच्या पुढच्या लाकडात मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू आरपार घातलेला दिसतो. दोन्ही बाजू आवळून धरायच्या, म्हणजे फाट पडणार नाही, एवढेच त्याचे काम. जगभरचे संग्राहक त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणतात. साम्राज्य गेले, स्क्रू राहिला. स्वातंत्र्यानंतर १९६० च्या दशकात तिथेच ७.६२ मिलिमीटरची रायफल बनली, तिच्यातही तो आहे. स्क्रूला गावाचे नाव मिळाले, तो पहिल्यांदा घालणाऱ्या कारागिराचे नाही. तलवारीला धार आणि झिलई देणाऱ्या शिकलगारांचा धंदा आडनावात तरी उरला आहे.

फुटलेला दस्ता फेकून देण्याची चैन हिंदी फौजेला नव्हती. फुटका भाग चौकोनी वा कबुतराच्या शेपटीच्या आकारात कापून काढायचा, त्याच मापाचे ठिगळ रेषांची दिशा जुळवून बसवायचे, वरून पितळी खिळा वा स्क्रू. ग्रेनेड फेकण्यासाठी राखलेल्या रायफलींच्या पुढच्या भागावर तर तार गुंडाळीत, म्हणजे नळी फुटलीच तर लाकडाच्या चिरफळ्या शिपायाच्या हातात घुसू नयेत.

आज असा दस्ता दुरुस्त करणाऱ्यापुढे मोठी अडचण तेलाची असते. वर्षानुवर्षांचे जवसाचे आणि यंत्राचे तेल तड्यात मुरलेले असते आणि तेलकट लाकडाला काहीच चिकटत नाही. ते आधी खडूच्या भुकटीने आणि द्रावकाने शोषून काढावे लागते. मग तडा किंचित उघडून दोऱ्याने चिकटवण आत ओढायचे, आवळून ठेवायचे आणि कोरडे झाल्यावर आडवी पितळी खुंटी बसवायची.

यानंतर हौशी माणूस दस्ता सँडपेपरने घासून चकचकीत करतो. मला हे सर्वांत वाईट वाटते. दस्त्यावरचे शिक्के, पलटणीचे आकडे आणि जुनी ठिगळे एका दुपारीत नाहीशी होतात. हीच .३०३ नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती होती आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० साली. म्हणजे घासून काढलेल्या त्या खुणा फार जुन्या माणसांच्याच असतील असेही नाही.

जुन्या पद्धतीने जोड देणारे कातड्याचा सरस वापरीत. दमट हवेत तो ढिला पडतो म्हणून फौजेला स्क्रू लागला. मात्र संग्रहालयातले दुरुस्तीकार पुष्कळदा सरसच पसंत करतात. उद्या कुणाला अधिक चांगला जोड देता आला, तर ऊन पाण्याने तो सोडवता येतो. इपॉक्सी तसे सुटत नाही.