टप, हूड, ताडपत्री: कापडी छपराची गोष्ट

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, हिंजवडीत छप्पर उघडणाऱ्या गाड्या आहेत तरी किती? परदेशी कन्व्हर्टिबल इथे कधीमधी एखादी दिसते. तिचं फाटलेलं छत कसं बदलतात याचा इतिहास ऐकून आपण काय करणार? तर संध्याकाळी सहाला शिवाजी चौकात उभं राहा. तासाभरात कापडी छपराच्या कितीतरी गाड्या समोरून जातील. त्यांना आपण रिक्षा म्हणतो.

आधी शब्दांचं पाहू, कारण इथे घोळ आहे. एसटीच्या टपावर सामान चढवलेलं आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. रिक्षावाला मात्र टप म्हणत नाही, 'हूड' म्हणतो. हा ब्रिटिशांकडून आलेला शब्द. अमेरिकेत हूड म्हणजे इंजिनावरचं झाकण, म्हणजे आपलं बॉनेट. तेव्हा आयटी पार्कातल्या कुणी अमेरिकन दुकानातून हूड मागवलं, तर घरी पत्रा येईल! आणि ताडपत्री म्हटलं की डोळ्यांपुढे ताडाचं पान येतं, पण इंग्रजी टार्पोलिनमधला 'टार' म्हणजे डांबर. जहाजांवर डांबर फासून पाणी अडवायला वापरायचे ते कापड.

गाडीवर कापड ताणायची कल्पना मोटारीच्या कितीतरी आधीची. आपल्याकडे दमणीवर बांबूच्या कामट्या वाकवून वर आच्छादन टाकत. मुंबईच्या व्हिक्टोरियाला मागे दुमडणारं हूड असायचं: लोखंडी कमानी, त्यांना सांधे, वर चामडं किंवा मेणकापड. आजच्या कन्व्हर्टिबलची रचना मुळात हीच आहे, फक्त दुमडायचं काम आता मोटर करते. १८९८च्या सुमाराला मुंबईत पहिल्या मोटारी आल्या, जमशेटजी टाटा त्यांच्या पहिल्या मालकांपैकी एक. त्या काळच्या मोटारी म्हणजे घोडा काढून इंजिन बसवलेल्या बग्ग्याच होत्या, त्यामुळे छप्परही बग्गीचंच राहिलं.

मग पत्रा आला, आणि फार झपाट्यानं आला. १९१९ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दहा मोटारींपैकी नऊ उघड्या असत. १९२७पर्यंत चित्र उलटं झालं, सुमारे ८५ टक्के गाड्या बंद छपराच्या झाल्या. जनरल मोटर्सनं १९२८मध्ये शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, तोवर कापडी छताची पीछेहाट सुरू झाली होती. पुढे पश्चिमेत ते छत हौसेचं झालं, समुद्रकिनारी मिरवायचं. आपल्याकडे त्याची वाट वेगळी. ते कामाच्या गाडीवर बसलं, आणि ती गाडी होती जीप.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला कॅनव्हास होता तो शोभेसाठी नव्हे. वजन कमी, खर्च कमी, आणि छत काढून ठेवलं की गाडी बुटकी होते, जहाजात कमी जागेत मावते. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्र कंपनीनं थोड्याच वर्षांत माझगावला या जीप जुळवायला घेतल्या, आणि फौजी छप्पर मुलकी झालं. पुढे कमांडर आली, आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत वडापला धावणाऱ्या या गाड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना बाजूचे गुंडाळून बांधलेले पडदे आठवतील. पाऊस आला की पडदे खाली, आणि आत चौदा माणसं, दोन कोंबड्या. मोजून नव्हे हं, अंदाजानं सांगतो आहोत.

रिक्षाचा जन्म सांगताना नवलमल फिरोदियांचं नाव घेतलं जातं, ते घ्यायलाच हवं. बजाजला स्कूटर आणि तीनचाकी बनवायचा परवाना मिळाला १९५९मध्ये. इटलीच्या पिआजिओशी सहकार्य होतं, ते १९७१पर्यंत टिकलं. आकुर्डीचा इतिहास आपण बहुतेक इंजिन, परवाने आणि संप यांच्यातून सांगतो. हूड त्यात कुठेच नसतं. पण हिशोब करून पाहा. चासी कारखान्यात एकदाच बनते. हूड मात्र ऊन-पावसानं विरतं, शिवण उसवते, फांदी लागून फाटतं. पासिंगची तारीख जवळ आली की ते बदलावंच लागतं. म्हणजे एकाच रिक्षाच्या आयुष्यात हूड कितीतरी वेळा बनतं, आणि पहिल्या खेपेनंतर ते कारखान्याच्या फाटकाबाहेर बनतं. आमच्या मते या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासातला हा मोठा गाळलेला भाग आहे.

हे काम होतं कसं, ते जरा सावकाश पाहू. चांगला कारागीर आधी जुनं हूड काढतो, पण फाडत नाही. शिवणी उसवून एकेक तुकडा जमिनीवर सपाट पसरतो. तोच त्याचा फर्मा. कमानी वाकलेल्या असतील तर आधी त्या सरळ होतात, कारण वाकड्या सांगाड्यावर बेतलेलं कापड पुढे चूण धरतं आणि चुणीत पाणी साचतं. मग खडूनं आखणी, कापणी, दुहेरी शिवण. खरी कसोटी शिवणीतच असते. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळतीची जागा. सुती दोरा पाण्यानं फुगून भोक बुजवतो, पण लवकर कुजतो. पॉलिएस्टरचा टिकतो, पण भोक उघडं राहतं, म्हणून आतून पट्टी आणि सोल्यूशन. वरचा तुकडा खालच्यावर चढला पाहिजे, मंगलोरी कौलांसारखा. हे उलटं झालं तर पहिल्याच वळवात प्रवाशाच्या मांडीवर धार. शेवटी ताण. रेक्झिन उन्हात मऊ पडतं, म्हणून ते थोडा वेळ उन्हात ठेवून मग ओढून बसवतात. किती ओढायचं याचं माप नाही, ते हाताला कळतं.

आणि कापडाचाही इतिहास आहे. १८२३मध्ये चार्ल्स मॅकिन्टॉशनं दोन कापडांमध्ये रबराचा थर घालायचं पेटंट घेतलं. आजच्या महागड्या कन्व्हर्टिबलचं छत तीन थरांचं असतं, वर विणलेलं कापड, मध्ये रबर, आत अस्तर. दोनशे वर्षांत कल्पना तीच. रेक्झिन हे मुळात एका इंग्रजी कंपनीचं नाव, ते आपण सगळ्याच कृत्रिम चामड्याला देऊन टाकलं. आपल्या जिल्ह्यातही या मालाचा धागा आहे. भोर संस्थानात उभी राहिलेली भोर इंडस्ट्रीज लेदरक्लॉथ बनवायची. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव दुसऱ्याच कारणानं ठाऊक असतं. कारखान्यातच पुढे वापरल्या जाणाऱ्या कच्च्या पीव्हीसी फिल्मवर अबकारी कर लागतो का, हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८९मध्ये निकाल लागला, की जी वस्तू बाजारात विकण्याजोगी नाही तिच्यावर तो कर नाही.

आता आजकडे येऊ. ऑक्टोबर २०२०मध्ये नवी थार विक्रीला आली, नाशिकला बनणारी, आणि तिच्यात मागे दुमडणाऱ्या कापडी छताचा पर्याय होता. रिक्षावाल्याची जुनी अडचण आता आयटी पार्कातल्या मालकापुढे आली. छताची एक शिवण उसवली तर पूर्ण छत बदलायचं की तेवढीच शिवायची? केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारी आहेत. पण पोर्टलवर माहिती मिळेल, शिवणारा हात मिळणार नाही. तो रिक्षाच्या हूडवाल्याकडे आहे, आणि त्याच्याकडे ना नकाशे ना पुस्तकं. जुन्या विलीज किंवा स्टँडर्ड हेराल्डचं छत आज मूळ कंपनीकडून मिळत नाही. अशा गाडीचं फाटकं कापड भंगारात गेलं, की फर्माही गेला. म्हणून आमची एक विनंती आहे. छत बदलून घ्याल तेव्हा जुनं कापड मागून घ्या आणि घडी घालून जपून ठेवा, कोरडं करून.

कापडाच्या जागी कापड ही दुरुस्ती झाली. कापडाच्या जागी पत्र्याचं किंवा फायबरचं पक्कं छप्पर बसवणं हा मात्र गाडीतला बदल ठरू शकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूळ रचनेत फेरफार करण्याविरुद्ध कडक भूमिका घेतली. तेव्हा आधी आरटीओत विचारा.

मघाशी मागच्या रांगेतून कुणीतरी मागची पारदर्शक खिडकी पिवळी पडते त्याबद्दल विचारत होतं. ती पीव्हीसीची असते, उन्हानं पिवळी पडते आणि मग तडकते. कोरड्या फडक्यानं पुसू नका, धूळ घासली जाऊन ओरखडे येतात. आधी भरपूर पाणी ओता. आणि ती गेली तर सगळं छत बदलायची गरज नाही, तेवढाच तुकडा उसवून नवा शिवता येतो. पुढचा प्रश्न घेऊ.