एकाच वर्षी आलेल्या दोन गाड्या

1985 साली भारतात दोन गाड्या आल्या : हिरो होंडा सीडी 100 आणि यामाहा आरएक्स 100. दोन्हींचं इंजिन शंभर सीसीच्या आतलं. पण सीडीची ताकद साधारण 7 हॉर्सपॉवर, आरएक्सची 11. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटतं, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. धारूरच्या घाटात हा फरक लगेच कळतो.

या इंजिनाचा साधेपणाच त्याच्या मुळावर आला. धूर बाहेर जाताना आणि नवं मिश्रण आत येताना सिलिंडरची दोन्ही दारं काही क्षण एकदम उघडी असतात. थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निसटतं. सोबत ऑइलही जळतं, तोच तो निळसर धूर. 1996 मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स 100 बंद झाली.

नियम नसते तरी आमच्या बीडमध्ये ॲव्हरेजवालीच जिंकली असती. पाऊस बेभरवशाचा, दिवाळीच्या सुमारास गावंच्या गावं ऊसतोडीला जाणार. तिथं पिकअप कोण बघतं?

मी पुण्यात कोडिंग करतो. यंदा फोर-स्ट्रोक विकून अंबाजोगाईतून जुनी आरएक्स घेतली. चेसिस नंबर आरसीशी जुळवला, पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण तपासलं. आबा म्हणाले, "जास्त पेट्रोल पिणारी जुनी गाडी घ्यायची, ह्याला अपग्रेड म्हणतेत व्हय?"

त्यांचा हिशेब बरोबर आहे. दर महिन्याला पगार येतो, म्हणून मला ताकद निवडता येते. त्यांना ॲव्हरेजच बघावं लागलं.