गलगंडाचें औषध व शंभर वर्षांचा विलंब

गलगंड हा रोग आपल्या वैद्यांस फार प्राचीन काळापासून माहीत होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत त्याचें वर्णन आहे. अन्नपाण्यांत आयोडीन कमी पडल्यानें तो जडतो, हा निर्णय मात्र अर्वाचीन होय. या निर्णयाच्या इतिहासांत एक गोष्ट विचारार्ह आहे. औषध इ. स. १८२० मध्यें हातीं आलें. तें लोकांच्या ताटांत पडावयास इ. स. १९२२ उजाडावें लागलें. मधल्या काळांत डोंगराळ मुलुखांतील किती बालकें मुकीं, बहिरीं व मंदबुद्धि निपजलीं, याची गणती नाहीं. हा विलंब कां झाला?

पॅरिस येथें सोरा तयार करणारा कूर्त्वा यास इ. स. १८११ मध्यें समुद्रशेवाळाच्या राखेंत आयोडीन सांपडलें. जाळलेला स्पंज गलगंडावर देण्याची चाल यूरोपांत जुनी होती. त्यांतील गुण आयोडीनचाच असावा, असें अनुमान बांधून जिनीव्हाच्या क्वांदे या वैद्यानें इ. स. १८२० मध्यें तें रोग्यांस दिलें. गांठी उतरल्या, परंतु मात्रा फार मोठी असल्यामुळें कित्येकांस धडधड व कृशता हे विकार जडले आणि औषध बदनाम झालें. इ. स. १८५० नंतर शातँ यानें ठिकठिकाणचें पाणी तपासून आयोडीनची उणीव व गलगंड यांचा संबंध दाखविला. पण पॅरिसच्या विद्वत्सभेनें तो निष्कर्ष पुरता मान्य केला नाहीं. पुढें बाउमान यास इ. स. १८९५ मध्यें कंठग्रंथींतच आयोडीन आढळलें, तेव्हां त्या मतास बळकटी आली.

तरीही मात्रेचा प्रश्न उरलाच. प्रौढ मनुष्यास दिवसाकाठीं सुमारें १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें. स्वित्झर्लंडांतील ग्रेखेन गांवीं बायार्ड या वैद्यानें इ. स. १९१८ मध्यें कांहीं कुटुंबांस किलोमागें अवघें कांहीं मिलिग्रॅम आयोडाइड मिसळलेलें मीठ दिलें. गांठी उतरल्या व अपाय झाला नाहीं. मीठ सर्वच रोज खातात आणि बेतानेंच खातात, म्हणून मात्रा आपोआप बेतांत राहिली. इ. स. १९२२ मध्यें आपेन्झेल औसररोडन प्रांतानें असें मीठ सुरू केलें.

आपल्या देशांत याची कसोटी कांगडा खोऱ्यांत लागली. डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९५६ पासून खोऱ्याचे तीन विभाग पाडून दोहोंत आयोडीनयुक्त व एकांत साधें मीठ पुरविलें. कांहीं वर्षांत पहिल्या दोहोंतील गलगंड बराच ओसरला. तिसऱ्यांत तो कमी झाला नाहीं. पुढें तेथेंही आयोडीनयुक्त मीठ देण्यांत आलें.

यावरून, औषधाच्या इतिहासांत शोधाचा सन नोंदून थांबणें पुरेसें नाहीं. योग्य मात्रा कधीं ठरली व ती घरोघर कधीं पोंचली, हेंही नोंदलें पाहिजे.