शेजारच्या टॉवरचा आवाज

मोबाईलच्या ‘सेल’चं मूळ शोधायला गेलं की आपण डिसेंबर १९४७मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या दारात पोचतो. तिथल्या डग्लस रिंग यांनी एक अंतर्गत टिपण लिहिलं. सेंट लुईस शहरात आदल्या वर्षी मोटारीतले फोन सुरू झाले होते, पण चॅनेल मोजकेच. दोन-चार जण बोलायला लागले की बाकीच्यांनी ताटकळायचं. रिंग यांनी गावाचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याला कमी ताकदीचा स्वतःचा टॉवर, आणि इथे वापरलेला चॅनेल काही तुकडे सोडून पुन्हा वापरायचा. तुकडे षटकोनी असावेत, हे रे यंग यांनी सुचवलं.

सात महिन्यांनी त्याच वाड्यातून क्लॉड शॅनन यांचा लेख बाहेर आला. संदेशाच्या कुठल्याही वाटेला एक कमाल वेग असतो. तो ठरतो पट्ट्याच्या रुंदीवर आणि सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे यावर. १० मेगाहर्ट्झचा पट्टा घ्या. सिग्नल गोंगाटाच्या १५ पट असेल, तर सेकंदाला ४० मेगाबिट. जवळपास दुप्पट, म्हणजे ३१ पट केला, तर फक्त ५०! आता दोन सेलच्या शिवेवर उभे राहा. शेजारच्या टॉवरनेही तोच चॅनेल वापरला, तर तो तितक्याच जोरात ऐकू येतो. त्याला गोंगाट धरलं, तर हाती उरतात जेमतेम १०. ताकद वाढवावी म्हटलं, तर शेजारीही वाढवणार.

एका घरातल्या या दोन कल्पनांची नीट गाठ पडायला सुमारे ४५ वर्षं जावी लागली, याची मला राहून राहून हळहळ वाटते. बेल लॅब्जमधल्याच ॲरन वायनर यांचा १९९४चा लेख त्या गाठभेटीचा. त्यांनी फोनकडून टॉवरकडे जाणारी वाट घेतली. टॉवर ओळीने मांडलेले. प्रत्येकाला आपल्या सेलमधले फोन स्पष्ट आणि दोन्ही बाजूंचे जरा क्षीण ऐकू येतात. मग सगळ्या टॉवरांचं ऐकलेलं एकाच ठिकाणी आणून एकत्र उलगडलं तर? शेजाऱ्याचा आवाज म्हणजे नुसती खरखर नव्हे, ते कुणाचं तरी बोलणं आहे. ते उमगलं की वजाही करता येतं, आणि तेच बोलणं तीन टॉवरांनी ऐकलं असल्याने अधिक पक्कं कळतं. या विषयातला इतका सुंदर विचार मला दुसरा माहीत नाही.

पण त्यात गृहीत धरलं होतं की हवेतली प्रत्येक वाट टॉवरला आधीच ठाऊक आहे. चालत्या गाडीतल्या फोनची वाट क्षणाक्षणाला बदलते आणि ती ओळखण्यातच वेळ आणि पट्टा खर्ची पडतो. म्हणून टॉवरांच्या सहकार्यालाही मर्यादा आहे, हे लोझानो, हीथ आणि अँड्र्यूज यांनी २०१३मध्ये दाखवलं.

आणि टॉवर एकमेकांना काहीच सांगत नसतील तर? दोन फोन, दोन टॉवर, एवढ्याशा मांडणीचीही नेमकी मर्यादा सरसकट सगळ्या परिस्थितींसाठी अजून सापडलेली नाही. एटकिन, त्से आणि वांग यांनी २००८मध्ये ती दर हर्ट्झमागे सेकंदाला एका बिटच्या आत आणून ठेवली आहे.