पुलाखालचं ऑस्टिन

1980 साली टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, काँग्रेस अव्हेन्यूवरच्या जुन्या पुलाचं नूतनीकरण झालं. पूल 1910चा, काँक्रीटच्या कमानींचा. नव्या बांधणीत रस्त्याच्या पोटात, खालून उघड्या, लांबच लांब फटी राहिल्या. रुंदी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर, खोली सुमारे 40. आराखडा काढणाऱ्यांच्या डोक्यात रहदारी होती, वजन होतं, उन्हात काँक्रीट फुगतं त्याचा हिशेब होता. मेक्सिकन फ्री-टेल्ड जातीच्या वटवाघळांना नेमकी अशाच मापाची जागा लागते: अंधारी, शिकाऱ्याच्या आवाक्याबाहेरची आणि वरच्या तापल्या रस्त्यामुळे रात्रीही उबदार. थोडीफार वटवाघळं त्या पुलात आधीही होती. दुरुस्तीनंतर ती हजारोंनी आली, मग लाखोंनी.

आता उन्हाळ्यातल्या जवळजवळ प्रत्येक संध्याकाळी या पुलाजवळ कयाक जमतात. पुढे वाटाड्या, मागे पाच-दहा जण, वल्हं मारायची सवय नसलेलेच जास्त. वाटेत ओंडक्यावर ओळीने बसलेली कासवं, काठावर ताटकळलेला मोठा निळा बगळा, मैदानांवरच्या दिव्यांच्या खांबांत काटक्यांची घरटी बांधणारे दक्षिण अमेरिकेतले मंक पोपट, आणि शेवटी वटवाघळं. शहराच्या मधोमध निसर्ग, असं या सहलीचं वर्णन करतात. ते खोटं नाही. पण या सहलीला लागणाऱ्या गोष्टींपैकी निसर्गाने आयत्या दिलेल्या फारच थोड्या आहेत.

पाण्याचंच घ्या. ही कोलोरॅडो नदी, पण ग्रँड कॅन्यनची नव्हे. टेक्सासमध्ये उगम पावून टेक्सासमध्येच समुद्राला मिळणारी त्याच नावाची दुसरी. ती मुळात बेभरवशाची. ऑस्टिनने 1893 मध्ये मोठ्या हौसेने तिच्यावर धरण बांधलं. 7 एप्रिल 1900च्या पुरात ते फुटलं आणि माणसं दगावली. पुढे वरच्या अंगाला धरणांची साखळी उभी राहिली, तेव्हा कुठे ती आवरली. शहरातलं संथ पाणी मात्र 1960चं. त्या वर्षी पूर्ण झालेल्या लाँगहॉर्न धरणाचा हेतू अगदी रुक्ष होता: नव्या वीजकेंद्राची यंत्रं थंड ठेवायला पाणी हवं होतं. तयार झालेल्या जलाशयाला ‘टाउन लेक’ म्हणू लागले. काठांवर तण आणि कचरा. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला महापौर रॉय बटलर आणि माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी काठांवर झाडं आणि पायवाटा आणल्या. तळ्याला आपलं नाव द्यायला त्या हयातभर राजी नव्हत्या. जुलै 2007 मध्ये त्या गेल्या आणि त्याच वर्षी ते ‘लेडी बर्ड लेक’ झालं. पोहायला तिथे 1964 पासून बंदी आहे. वल्हवण्याला नाही.

शांततेची गोष्ट जरा वेगळी आहे. 1960 आणि 70च्या दशकांत इथल्या ‘अ‍ॅक्वा फेस्टिव्हल’मध्ये वेगवान मोटरबोटींच्या शर्यती होत. त्या ज्या काठाजवळ भरत तिथे पूर्व ऑस्टिनची मेक्सिकन-अमेरिकन वस्ती होती. कानठळ्या, गर्दी, दाराशी लावलेल्या परक्यांच्या गाड्या. जत्रा शहराची आणि ताप या घरांना. 1978 मध्ये रहिवाशांनी निदर्शनं केली, पोलिसांशी झटापटी झाल्या, आणि शर्यती तिथून हलल्या. आज तळ्यावर सामान्य माणसाला पेट्रोलच्या इंजिनाची बोट चालवता येत नाही. सहलीच्या माहितीपत्रकांत तळ्याच्या निवांतपणाचं कौतुक असतं, या मोहल्ल्याचा उल्लेख क्वचितच.

वटवाघळांशी टेक्सासचं नातं मात्र पुलाच्या नूतनीकरणापेक्षा जुनं आणि विलक्षण लहरी आहे. सॅन अँटोनियोचे डॉ. चार्ल्स कॅम्पबेल यांना वाटे की वटवाघळं डास खाऊन हिवताप आटोक्यात आणतील. त्यांनी 1911 मध्ये मिचेल तळ्याकाठी वटवाघळांसाठी लाकडी मनोरा बांधला, आणि 1917 मध्ये तर राज्याने वटवाघळांना कायद्याचं संरक्षण दिलं. दुसऱ्या महायुद्धात याच जातीच्या अंगावर छोटे आगबॉम्ब बांधून ती जपानी शहरांवर सोडायची योजना निघाली. मे 1943 मध्ये चाचणीतली काही निसटली आणि त्यांनी न्यू मेक्सिकोतला अमेरिकेचाच तळ पेटवला. योजना गुंडाळली गेली. कॅम्पबेलांचा डासांचा हिशेबही पुरता खरा नव्हता. ही वटवाघळं मुख्यतः पतंगांवर जगतात. त्यात मक्याच्या कणसांत आणि कापसाच्या बोंडांत शिरणाऱ्या अळीचे पतंग येतात, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला माहीत असलेल्या अमेरिकन बोंडअळीची चुलत भावंडं. सॅन अँटोनियोजवळच्या कापूसपट्ट्यात वटवाघळांमुळे वर्षाला सुमारे 7 लाख 40 हजार डॉलर वाचतात, असा अंदाज 2006च्या एका अभ्यासात निघाला.

1980च्या दशकातल्या ऑस्टिनकरांपुढे असा हिशेब कुणी मांडला नव्हता. त्यांना दिसत होती ती पुलाखालची काळी, घाण वासाची गर्दी, आणि मनात रेबीजची धास्ती. स्थानिक वृत्तपत्राने वटवाघळांनी शहरात दात रोवल्याच्या थाटाचे मथळे दिले. वसाहत नष्ट करावी म्हणून अर्ज झाले. 1986 मध्ये मर्लिन टटल हे अभ्यासक आपली ‘बॅट कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल’ ही संस्था मिलवॉकीहून थेट ऑस्टिनला घेऊन आले. त्यांनी अधिकाऱ्यांना, पत्रकारांना गाठलं, फोटो दाखवले आणि एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: वटवाघळाला हात लावू नका, मग त्याच्यापासून तुम्हाला धोका नाही. वटवाघूळ केसांत अडकतं म्हणून संध्याकाळी डोक्यावर पदर घेणाऱ्या आपल्याकडच्या आज्यांनाही हा माणूस भेटायला हवा होता. काही वर्षांतच वारं फिरलं. 1996 मध्ये शहराच्या आइस हॉकी संघाने ‘आइस बॅट्स’ नाव घेतलं. पुलाच्या दक्षिण टोकाला वटवाघळं पाहायला हिरवळ राखली गेली, आणि ती जागा भीतीदायक मथळे छापणाऱ्या त्याच वृत्तपत्राच्या आवारातली होती! वृत्तपत्राने पुढे ती वास्तू सोडली, आणि 2022च्या अखेरीस तिथल्या उंच इमारतींच्या आराखड्याला नगर परिषदेने मंजुरी दिली.

ही वसाहत बहुतांशी माद्यांची. मार्चच्या सुमारास त्या मेक्सिकोतून येतात, जूनमध्ये प्रत्येकीला एकच पिल्लू होतं आणि पाचेक आठवड्यांत ते उडू लागतं. भर हंगामातला अंदाज 15 लाखांपर्यंत जातो, आणि एका रात्रीत साडेचार ते नऊ टन किडे फस्त होतात असं सांगतात. पिल्लंही बाहेर पडू लागतात म्हणून ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त गर्दी, पुलाच्या वरही आणि खालीही. कठड्यावरून पाहणाऱ्याला पाठमोरा थवा दिसतो. कयाकमधल्याला तो पुलाच्या पोटातून सुटताना दिसतो, आकाशाच्या उजेडावर धुरासारखा पूर्वेकडे लांबत जाणारा. कधी वरून एखादा बहिरी ससाणा त्यात घुसतो. अमोनियाचा उग्र वासही इथे जास्त. सराईत वाटाडे टोपी घालायला सांगतात आणि नेमकं पुलाखाली थांबू देत नाहीत, कारण बाहेर पडताना वटवाघळं पोट हलकं करतात. काळोखात कयाकवर पांढरा दिवा हवा, हा कायदा. थव्यावर पांढरा झोत मारायचा नाही, हा शिष्टाचार. लाल दिवा चालतो.

पूल बांधणाऱ्यांनीही धडा घेतला. टेक्सासच्या वाहतूक खात्याने टटल यांच्या संस्थेबरोबर पुलांतल्या वटवाघळांचा अभ्यास केला. कुठल्या मापाच्या फटी त्यांना मानवतात हे कळल्यावर, 1980 मध्ये नकळत घडलेलं काम आता ठरवून करता येऊ लागलं.

ह्यूस्टनमध्ये बफेलो बायू या ओढ्यावरच्या वॉ ड्राइव्ह पुलाखाली अशीच अडीचेक लाखांची वसाहत होती, आणि तिथेही संध्याकाळच्या बोटी निघत. ऑगस्ट 2017 मध्ये हार्वे वादळाच्या पुराचं पाणी पुलाच्या फटींपर्यंत चढलं आणि असंख्य वटवाघळं बुडाली. पाऊस पडत असताना काही ह्यूस्टनकर पुलावर उभे राहून जाळ्यांनी त्यांना पाण्यातून उपसत होते.