हौसेचं विमान आणि टपालाची थैली

फार उंच न जाता, किनाऱ्याकिनाऱ्याने एकट्याने हौसेखातर विमान उडवायचं, ही गोष्ट आमच्या म्हसवडकराला चैनीचीच वाटेल. आमच्याकडे समुद्र नाही. माणगंगेला पाणी आलं तर लोक ते बघायला जातात. ज्या मुलखात माणसाचा दिवस पाण्याच्या मागे जातो, तिथे एखादा गृहस्थ सुट्टीची सकाळ वाऱ्यावर घालवतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरच सापडतं.

परदेशात अशा हौशी वैमानिकांचं एक आवडतं वाहन म्हणजे जायरोप्लेन. दिसायला ते हेलिकॉप्टरच्या धाकट्या भावासारखं, पण त्याचा डोक्यावरचा मोठा पंखा इंजिनावर फिरत नाही. दुसरा एक छोटा पंखा यान पुढे नेतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने वरचा पंखा आपोआप फिरू लागतो. जत्रेतलं भिरभिरं हातात धरून पोरगं पळत सुटलं की ते फिरतं ना, अगदी तसं. इंजिन बंद पडलं तरी वरचा पंखा फिरत राहतो आणि यान हळूहळू खाली उतरवता येतं. स्पेनच्या ह्वान दे ला सिएर्व्हा यांनी बनवलेलं हे यान १९२३ च्या जानेवारीत माद्रिदजवळ उडालं.

त्याच दशकात विमानाची हौस मुंबईतही पोचली. १९२८ मध्ये जुहूला विमानतळ सुरू झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. तेव्हा ते २४ वर्षांचे होते. घरात पैसा होता, अंगात हौस होती. दुष्काळी भागातल्या माणसाने याकडे बघून खांदे उडवले असते, तर त्याला कोण दोष देणार?

पण या हौशी मंडळींची रीत पाहा. १९३० मध्ये इंग्लंड आणि भारत यांच्यामधलं अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी बक्षीस ठेवलं. जेआरडी कराचीहून निघाले, तर सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीचं विमान स्पार्क प्लगवाचून अडून बसलं होतं. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. बक्षीस अस्पीने जिंकलं. पुढे १९६० मध्ये हाच अस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

जेआरडींच्या हौसेला कामाला जुंपायची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या दक्षिण आफ्रिकी वैमानिकाची. लंडनहून विमानाने येणारं टपाल कराचीपर्यंत पोचत असे. ते पुढे मुंबई-मद्रासला विमानानेच का नेऊ नये? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जेआरडी कराचीहून निघाले. एका इंजिनाचं छोटं पस मॉथ विमान, एकटा वैमानिक आणि सोबत टपालाच्या थैल्या. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. तिथून व्हिन्सेंट यांनी बळ्ळारीमार्गे मद्रासची वाट धरली.

जुहूचं मैदान म्हणजे चिखल. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, मग सगळा संसार पुण्याला हलवावा लागे. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने फक्त १५५ प्रवासी नेले, टपाल मात्र सुमारे दहा टन. १९३५ मध्ये मुंबईहून गोवा, कण्णूर करत त्रिवेंद्रमपर्यंत विमान जाऊ लागलं. कोकणच्या माडांवरून टपाल उडू लागलं ते असं.

अर्थात ते टपाल सामान्य माणसाचं नव्हतं. विमानाच्या पत्राला जादा आकार पडे. माणदेशातला माणूस मुंबईच्या गिरणीत राबत होता, गलाईच्या कामासाठी परमुलखात फिरत होता. त्याचं पत्र, त्याची मनीऑर्डर आगगाडीने यायची आणि घरची माणसं पोस्टमनची वाट बघत बसायची. हे चित्र बदललं १९४९ मध्ये. जानेवारीअखेर रात्रीची टपालविमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री आपल्या नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत माघारी जात. त्याच वर्षी एप्रिलपासून विमानाने लवकर पोचणारं देशातलं साधं पत्रही टपालखातं जादा आकार न घेता विमानाने पाठवू लागलं. श्रीमंताच्या हौसेतून निघालेली वाट अशी वीस वर्षांत गरिबाच्या पत्रापर्यंत आली. मात्र ती आपोआप आली नाही. हौशी माणसाने वाट पाडली आणि स्वतंत्र देशाच्या सरकारने ती सगळ्यांना खुली केली. दोन्ही गोष्टी घडल्या म्हणूनच उपयोग झाला.

मी कवितेचा माणूस. मला या हकिकतीतली एक गोष्ट अधिक लागते. १९३२ मध्ये सिंध मुंबई इलाख्यातच होता, तो वेगळा झाला १९३६ मध्ये. म्हणजे ते पहिलं उड्डाण एकाच इलाख्यातल्या दोन बंदरांमधलं होतं. पुढे देशाची फाळणी झाली. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नास वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ हे जुनं छोटं विमान घेऊन पुन्हा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. वैमानिक तोच, वाट तीच, पण आता मध्ये दोन देशांची सीमा होती.

पहलगामच्या हल्ल्यानंतर मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणारं टपाल घेणं थांबवलं. हवाई आणि जमिनीवरचं, दोन्ही. त्यामागची कारणं आपण सगळे जाणतो, त्या हल्ल्यात माणसं मारली गेली. तरीही कराची ते जुहू या वाटेचा इतिहास लिहिताना हे वाक्य लिहावं लागतं, आणि लिहिताना हात जड होतो. आपल्या मुंबईला टपालाची थैली विमानाने सुरळीत येऊ लागली ती याच वाटेने.