नवजात अतिदक्षता विभाग : कोणाला काय विचारावे?

बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले, त्याचे वजन फार कमी भरले किंवा त्याला श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, की त्याला नवजात शिशू अतिदक्षता विभागात हलविले जाते. आई प्रसूतिकक्षात, बाळ काचेच्या दारापलीकडे आणि वडील औषधांची चिठ्ठी घेऊन दोहोंच्या मध्ये, असे चित्र तेथे नेहमीचेच. दाराआड वावरणाऱ्यांपैकी डॉक्टर कोण, परिचारिका कोण, हेही पालकांना उमगत नाही. एक जण 'बाळ बरे आहे' म्हणतो, तर दुसरा 'अजून काही सांगता येत नाही' असे सांगतो. त्यामुळे धास्ती वाढते. वास्तविक दोन्ही उत्तरे खरी असू शकतात. पहिले या घटकेचे असते, दुसरे पुढील काही दिवसांचे. म्हणूनच कोणाचे काम कोणते, हे पालकांना ठाऊक असावे.

तज्ज्ञ आणि निवासी डॉक्टर

नवजात शिशुतज्ज्ञ म्हणजे बालरोगशास्त्रातील शिक्षणानंतर नवजात बालकांच्या उपचारांचे विशेष प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर. अनेक ठिकाणी ही जबाबदारी बालरोगतज्ज्ञ सांभाळतात. उपचारांची दिशा तेच ठरवितात. आजार कोणता, धोका किती, पुढे काय अपेक्षित आहे, हे प्रश्न त्यांनाच विचारावेत. त्यांच्या भेटीची वेळ आधी विचारून ठेवावी आणि प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. घरातील एकाच व्यक्तीने माहिती घेऊन इतरांना सांगितल्यास गोंधळ टळतो.

शिक्षणसंलग्न रुग्णालयांत रात्रंदिवस हजर असतात ते निवासी डॉक्टर. रक्ताचे नमुने घेणे, सलाइन लावणे, तपासण्यांचे अहवाल पाहणे ही कामे ते वरिष्ठांच्या देखरेखीखाली करतात. पाळीनुसार ते बदलतात. नवा चेहरा दिसला म्हणून उपचार बदलले, असे समजू नये.

परिचारिका

बाळाजवळ सर्वाधिक काळ असते ती परिचारिका. तापमान, श्वास, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण यांच्या नोंदी, नळीवाटे दूध देणे, कूस बदलणे हे सारे तिच्याकडे असते. बाळाने किती दूध घेतले, वजन किती भरले, रात्र कशी गेली, हे तिला विचारावे. यंत्राचा भोंगा वाजला की पालकांच्या काळजाचा ठोका चुकतो. पण बाळाने पाय हलविल्याने वायर सैल झाली तरीही तो वाजतो. म्हणून अनुभवी सिस्टर यंत्राबरोबरच बाळाचा रंग आणि श्वास पाहते. 'बाळ आज मलूल वाटते' हे तिचे निरीक्षण कधी कधी जंतुसंसर्गाची पहिली सूचना ठरते. पाळी बदलताना एकमेकींना माहिती देण्याचे काम चालते. त्या वेळी तातडीचे नसलेले प्रश्न थोडे थांबवावेत.

इतर मंडळी

नेत्रतज्ज्ञांची भेट कधीही चुकवू नये. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. फारच अपुऱ्या दिवसांच्या बाळांची त्याहून आधी. दृष्टिपटलातील दोष वेळीच न सापडल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. बाळ तत्पूर्वी घरी गेले, तरीही ठरलेल्या दिवशी ही तपासणी करावीच. श्रवणचाचणीविषयीही विचारावे.

खर्चाची चिंता असेल, तर समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. सरकारी रुग्णालयांत आजारी अर्भकांवर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत उपचार होतात. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन, तर १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. स्वच्छता राखणाऱ्या मावशींनी हात धुण्याची आठवण केली, तर राग मानू नये. संसर्ग रोखण्याचा तो पहिला उपाय आहे.

आई-वडीलही सहभागी

पालकांना केवळ दाराबाहेर बसविण्याची पद्धत मागे पडत आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये नवजात बालकांच्या शुश्रूषेत कुटुंबाला सामावून घेण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बाळाला उघड्या छातीशी धरण्याची 'कांगारू मदर केअर' पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. कृत्रिम श्वसनयंत्रावरील बाळांसारखे अपवाद असतात. त्यामुळे 'आमच्या बाळाला केव्हा जवळ घेता येईल?' हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. वडीलही बाळाला असे धरू शकतात.

बाळ दूध ओढू शकत नसले, तरी आईने दूध काढत राहावे. ते नळीवाटे देता येते. आईचे दूध अपुरे पडल्यास दुग्धपेढीचा आधार मिळू शकतो. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी पेढी १९८९ मध्येच सुरू झाली.

उत्तर समजले नाही, तर पुन्हा विचारण्यात संकोच नसावा. घरी गेल्यावर बाळाची काळजी आई-वडिलांनाच घ्यायची असते आणि ती शिकण्याची जागा हाच विभाग आहे.